आमच्या घरी बातम्या फक्त ऐकल्या जातात

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, निवेदक, बातमीदार आणि पडद्याखालची पट्टी लिहिणारे,
यांस सप्रेम नमस्कार.

माझी ओळख एवढीच की मी छापखान्यातला माणूस. 1979 साली नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून चिकटलो, तिथून एका दैनिकात गेलो आणि 2014 साली निवृत्त झालो. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला, आता त्या फुकट काढतो. रिक्षाच्या पाठीवर, औषधाच्या वेष्टनावर, लग्नपत्रिकेत. घरच्यांनी त्याकडे लक्ष देणे केव्हाच सोडले आहे आणि तुम्हीही सोडले असते तर मी मनावर घेतले नसते. पण हे पत्र मी आईसाठी लिहितो आहे.

आई नव्वदीला टेकली. काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्याला चार वर्षे झाली. कान मात्र असे तिखट की पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला आमच्याआधी तिला कळतो. संध्याकाळी सात वाजता ती पलंगावर भिंतीला टेकून बसते आणि म्हणते, "लाव रे भाऊ, काय चाललंय जगात ते बघू." बघू, असेच म्हणते. मग तासभर तुमची वाहिनी. तुमची दृश्ये, त्यांवरचे लाल गोल आणि बाण, सहा चौकटींत भांडणारी सहा माणसे, यांतले काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचतात ते फक्त शब्द. आणि त्या शब्दांवरून तिच्या डोक्यात जी बातमी तयार होते ती तुम्ही दिलेल्या बातमीहून पुष्कळदा वेगळी असते. चूक तिची नसते. ती मराठी ऐकत असते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तुमच्यापैकी एकाने आवाज चढवून सांगितले, "नगरपालिकेच्या अभियंत्याबाबत धक्कादायक खुलासा!" आई म्हणाली, "चला, सुटला बिचारा." मी म्हटले, "सुटला कुठे? अडकला." तिला पटेना. माझे वडील तलाठी होते, त्यामुळे खुलासा हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीइतका वापरला गेलेला. कारणे दाखवा नोटीस येते, मग ज्याच्यावर ठपका आहे तो आपला खुलासा सादर करतो, आणि साहेबाला पटला नाही तर कागदावर शेरा पडतो, 'खुलासा समाधानकारक नाही'. म्हणजे मराठीत खुलासा द्यायचा तो संशयिताने, आणि त्यातून गैरसमज दूर व्हायचा. हिंदीत खुलासा म्हणजे एखादी लपलेली गोष्ट उघड करणे. तुम्ही हिंदी पट्टी समोर ठेवून मराठी पट्टी लिहिलीत आणि माणूस सुटला की अडकला हेच उलटे झाले.

हा शब्द बाहेरचा आहे म्हणून मी तक्रार करत नाही. तो मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ सारांश असा. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि आपण त्याला वेगळे काम दिले. ते काम तो नीट करत होता. उघड होण्यासाठी आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे असेही नाही. बिंग फुटते, भांडे फुटते, प्रकरण उघडकीस येते, आतल्याच कुणी तोंड उघडले तर गौप्यस्फोट होतो. इतके सगळे फुटत असताना बिचाऱ्या खुलाशाच्या मागे का लागावे?

असे आणखी पुष्कळ आहेत. 'शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा' ऐकले की आई विचारते, "कोण गेलं?" मराठीत आक्रोश म्हणजे ऊर बडवून मोठ्याने रडणे. हिंदीत संताप. शेतकऱ्यांवर रडायची वेळही आलेली असते, त्यामुळे हा शब्द चुकूनमाकून बरोबर ठरतो, पण तुम्हाला तिथे संतापच म्हणायचे होते. दोन देशांच्या सैन्यांचा 'युद्धाभ्यास' सुरू झाला की ती म्हणते, "अजून अभ्यासच करताय का?" आपल्याकडे मुले अभ्यास करतात, सैन्य सराव करते. 'यातायात' या शब्दावर मात्र तिने कधी हरकत घेतली नाही. हिंदीत त्याचा अर्थ वाहतूक, मराठीत हाल, दगदग. घाटात यातायात वाढल्याची बातमी आली की आई मान डोलावते. दोन्ही अर्थांनी ती खरीच असते.

एक प्रत्यय तर पूरग्रस्तांपर्यंत जाऊन पोचला आहे. 'पूरग्रस्तांची मदत करा' असे आवाहन तुम्ही पावसाळाभर करता. मराठीत मदत पूरग्रस्तांना करतात. 'पूरग्रस्तांची मदत' म्हणजे पूरग्रस्तांच्या वाट्याची मदत. ती पोचते, रखडते किंवा मधल्यामध्ये कुणी लाटते. हा फरक 'ना' आणि 'ची' एवढ्याच जागेत मावतो. पण ज्याच्या घरात पाणी शिरले आहे त्याला विचारा, हा फरक लहान आहे का.

आता बोलणे. मराठीत माणूस बोलतो, म्हणतो आणि सांगतो, आणि या तिघांची कामे निरनिराळी आहेत. 'ती मला म्हणाली' म्हणजे तिने काहीतरी म्हटले. 'तिने मला सांगितले' म्हणजे मला आता काहीतरी माहीत झाले. आणि 'ती मला बोलली' म्हणजे तिने माझी खरडपट्टी काढली. शाळेत गुरुजी मला बोलले, असे घरी येऊन सांगितले की आमची आई आणखी दोन शब्द बोलायची. हल्ली तुमच्याकडे मंत्री पत्रकारांना बोलतात, प्रशिक्षक खेळाडूंना बोलतात, डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना बोलतात. आईच्या कानी रोज संध्याकाळी तासभर महाराष्ट्रात सगळे सगळ्यांना झापत असतात. एकदा तिने काळजीने विचारले, "एवढी चिडचिड कशापायी?"

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर मला भलत्या रांगेत उभे कराल. आई जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची. तिच्या तोंडी पाणी नाही, पानी आहे. डोळ्याला ती डोया म्हणते आणि जळगावला जयगाव. बाजारात तिला भाजी मिळत नाही, भेटते. दैनिकात असताना मी लाल पेन्सिलीने हजार वेळा 'भेटते'चे 'मिळते' केले असेल, पण घरी कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि तो भित्रेपणा नव्हता. खानदेशात, वऱ्हाडात तशीच बोली आहे आणि ती कुणाची चुकलेली प्रमाण मराठी नाही. एखादी बातमीदार 'लोनी' म्हणाली की समाजमाध्यमांवर तिची टर उडवणारे पुष्कळ निघतात. त्यांच्यात मला धरू नका. ती मुलगी तिच्या घरची मराठी बोलते आहे. माझे भांडण आहे ते कुणाच्याच घरी न बोलल्या जाणाऱ्या मराठीशी.

त्या मराठीचा उत्तम नमुना तुम्ही रोज देता. "पोलिसांचा मोठा बंदोबस्त जो आहे तो या ठिकाणी तैनात करण्यात आल्याचं आपल्याला पाहायला मिळतंय." मी शब्द मोजले. चौदा. पोलीस बंदोबस्त आहे, एवढे तीनच शब्द बातमीचे. बाकीचे नुसते उभे आहेत, बंदोबस्ताला असल्यासारखे. मला कारण ठाऊक नाही असे समजू नका. कानात खुंटी घातलेली, वरून पाऊस, स्टुडिओतून सांगतात अजून दोन मिनिटे ओढ, आणि हातात माहिती एका ओळीची. मग माणूस 'जो आहे तो' म्हणत पुढचा शब्द शोधतो. रस्त्यावरच्या बातमीदाराला मी हे माफ करतो. पण ज्याच्या समोर प्रॉम्प्टरवर लिहिलेला मजकूर सरकतो आहे त्या निवेदकाने 'जे आहे ते' कशासाठी म्हणावे? ते कुणीतरी बसून लिहिले, हे मला जास्त लागते.

आणि ते 'पाहायला मिळणे'. मिळणे हा मराठीत लाभाचा शब्द आहे. पगार मिळतो, जागा मिळते, काश्मीरला गेल्यावर बर्फ पाहायला मिळतो. परवा तुमच्या एका वाहिनीवर घाटात गाडी कोसळली त्या ठिकाणी "दोन मृतदेह पाहायला मिळाले". मी आवाज कमी केला. आई एवढेच म्हणाली, "मिळाले म्हनजे शोधत होते का?" ते वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते याची मला खात्री आहे. मनात काहीच नव्हते, हीच माझी तक्रार आहे.

उच्चारांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी स्वतः शंभर टक्के धुतल्या तांदळासारखा नाही. मराठीत ज दोन. जेवणातला ज वेगळा आणि जळणातला ज वेगळा. तसेच च दोन. चिंचेतला एक, चुलीतला दुसरा. लिपीत दोघांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे पुस्तकावरून हा फरक शिकता येत नाही, कानानेच शिकावा लागतो. तीन वर्षांचे पोर 'माझा' आणि 'माझी' यांतले दोन झ बिनचूक म्हणते, कुणी शिकवलेले नसताना. आणि तुमचे निवेदक जळगाव म्हणताना जेवणातला ज वापरतात, चाकण म्हणताना चिंचेतला च. आईला पहिल्यांदा वाटले हे कुठले तरी दुसरे गाव. तिच्या जयगावात ळ नाही, पण ज अगदी जागेवर आहे.

ळ चे दुःख आणखी वेगळे. काल म्हणजे गेलेला दिवस आणि काळ म्हणजे न थांबणारा. वेल मांडवावर चढते आणि वेळ निघून जाते. मंगल कार्यालयात असते, मंगळ पत्रिकेत. ळ गेला तर जोडीतला एक शब्द जातो. म्हणून 'केरल' आणि 'तमिल' ऐकले की मी अस्वस्थ होतो. मल्याळम या नावातच ळ आहे, केरळची माणसे तो आपल्याइतकाच ठसठशीत उच्चारतात. मराठी आणि मल्याळी माणसांना जोडणारा हा एक वर्ण, तो आपण दिल्लीमार्गे घेऊन येताना वाटेत हरवतो. विज्ञानाचे 'विग्यान' आणि ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' त्याच वाटेने आले.

वेळ या शब्दावरून आठवले. तो मराठीत पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि हा गोंधळ नव्हे, सोय आहे. निघायची वेळ झाली, वाईट वेळ आली, इथे ती एक घटिका आहे. तुमचा फार वेळ घेतला, वेळ वाया गेला, इथे तो लांबी आहे, मोजता येणारी. एकाच शब्दाने घड्याळाचा काटाही दाखवायचा आणि दोन काट्यांमधले अंतरही, फक्त लिंग बदलून. आपल्याकडे हे आहे याचा मला भारी अभिमान वाटतो. आणि क्रिकेटच्या बातमीत "फलंदाजांनी वेळ वाया घालवली" ऐकले की एखादे जुने भांडे मोडीत घातल्यासारखे वाटते.

दिवाळीत तुम्ही फराळाचे कार्यक्रम लावता. आई ते कान देऊन ऐकते, कारण आता तिच्याकडून स्वयंपाक होत नाही. तिथे सगळे काही 'बनवतात'. चकली बनवूयात, लाडू बनवूयात, करंजी बनवूयात. तिच्या हाताला प्रत्येक पदार्थाचे वेगळे क्रियापद ठाऊक आहे. भाकरी थापायची, पोळी लाटायची, लाडू वळायचे, करंजी भरायची, कणीक तिंबायची, कुरडया घालायच्या. शब्द ऐकला की हात कसा हलवायचा तेही कळते. थापा म्हटल्यावर तळवा उघडतो, वळा म्हटल्यावर मिटतो. 'बनवा' म्हटल्यावर हाताने काय करायचे? बनवणे आम्ही माणसांसाठी ठेवले होते, तेही उल्लू बनवण्यापुरते. आणि त्या 'बनवूयात'च्या शेपटीला लोंबणारा त काढून टाका. करूया, पाहूया, थांबूया. त नसला तरी ब्रेक तेवढाच लांब राहतो.

पट्टीचे मी आईला सांगत नाही, ती माझी एकट्याची शिक्षा. शिक्षा मराठी अर्थाने. आर्शिवाद, उद्धाटन, अद्यावत, कोट्यावधी, स्त्रोत. आशीर्वादातला रफार एक घर मागे उडी मारतो. अद्य आणि यावत् मिळून अद्ययावत होते, त्यातला एक य कुणीतरी रोज गिळतो. कोट्यावधीचे तरी मी समजू शकतो. लक्ष आणि अवधी मिळून लक्षावधी होते, त्याच्या शेजारी बसून कोट्यवधीलाही काना फुटला. पण कोटीच्या इ चा अवधीला लागताना य होतो, काना येतो कुठून? श्रद्धांजलीतला द आणि ध यांनी जागा बदलून आता पिढी लोटली. शुद्धलेखन हा शब्दसुद्धा 'शुध्दलेखन' असा लिहिलेला मी पाहिला आहे. त्या दिवशी मला राग आला नाही, हसू आले.

स्रोत आणि सहस्र यांत त नाही. हे मला पुस्तकाने शिकवले नाही. 1980 च्या सुमारास मी एका निमंत्रणपत्रिकेच्या प्रुफावर कंपोझिटरने बरोबर जुळवलेला 'सहस्र' कापून ऐटीत 'सहस्त्र' केला होता. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारा, सातवी पास कंपोझिटर तो. खिळ्यांच्या पेटीजवळून उठून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "साहेब, त्र चे खिळे आधीच कमी आहेत, नाही तिथं कशाला घालायला लावता?" मी कोश उघडला. मग त्याला चहा पाजला. पुढे आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका नातवाने परस्पर छापून आणली, तीत तो त परत आला होता. दोनशे प्रती. आई तेव्हा पाहू शकत होती. म्हणाली, "राहू दे, एक त काय खातो का?" राहू दिला.

तेव्हा मी कर्मठ नाही, एवढे ध्यानात घ्या. माझी पिढी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या अठरा नियमांवर पोसली, 1962 चे चौदा आणि 1972 चे चार. पण ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार मी या पत्रात एकदाही केलेली नाही. संस्कृतात अहल्या आहे, मराठीने तिची अहिल्या केली, आणि 2024 साली त्याच रूपाने एका जिल्ह्याला नाव मिळाले. लोकांनी घासून गुळगुळीत केलेला शब्द मला चालतो. टेबल, स्टेशन, पगार, हे तर घरचेच. बदललेला शब्द आणि न बघता उचललेला शब्द यांत मी फरक करतो, तुम्हीही करावा.

त्यासाठी काय हवे तेही सांगतो. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या संध्याकाळी तुमच्याकडे फेटे बांधून चर्चा झाल्या. फेटे ठेवा बाजूला. संध्याकाळच्या पाळीला एक माणूस नेमा, ज्याचे काम पट्टी हवेत जाण्याआधी वाचणे आणि प्रॉम्प्टरवरचा मजकूर मोठ्याने म्हणून पाहणे एवढेच असेल. एक खुर्ची, एक कोश, एक चष्मा. माझ्या दैनिकात मी निवृत्त झाल्यावर ती खुर्ची भरली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर काय छापले ते मी इथे सांगत नाही, माणसे अजून नोकरीत आहेत.

आणि हे कालचे, ज्यामुळे अखेर लिहायला बसलो. जून अर्धा सरला आहे. माझा मामेभाऊ चोपड्याला कपाशीची धूळपेरणी करून आभाळाकडे बघत बसला आहे. आईला दोन दिवस तेवढेच सुचते आहे. सात वाजता तुमचा निवेदक म्हणाला, "उत्तर महाराष्ट्रात कुठेतरी पावसाचा जोर जो आहे तो वाढताना पाहायला मिळतोय." आई पुढे सरसावून बसली. "कुठेतरी म्हनजे कुठं रे? चोपड्याकडं का?" मी म्हटले, "सांगतील आता." तुम्ही मुंबईत वळलात, मग दिल्लीत, मग सहा चौकटी आल्या. पाऊस पुन्हा आला नाही. ती आठ वाजेपर्यंत तशीच बसून होती. 'कुठेतरी' हा तुमच्याकडे नुसता पालुपद म्हणून येतो, जागा सांगायला नाही, हे तिला कसे समजावून सांगायचे ते मला कळेना.

शेवटी मी मामेभावाला फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"नाही पडला अजून," तो म्हणाला.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
नाशिक